कानाला खिडकी

मला कमी ऐकू येते हा माझा आजार नसून स्वभाव आहे, असे आमच्या सौ.चे ठाम मत आहे. बँकेच्या काउंटरवर बसून मला वीस वर्षे झाली. काचेच्या पलीकडचा म्हातारा खातेदार पुटपुटला तरी ते मला स्वच्छ ऐकू येते. पण घरी पाऊल टाकल्यावर ‘अहो, गॅस संपलाय’ हे तीन शब्दी संकट तीनदा जाहीर करावे लागते. त्यावर माझा खुलासा असा की बँकेत ऐकण्याचा पगार मिळतो. हा खुलासा घरात अजून कोणी मंजूर केलेला नाही.

गेल्या वर्षी मात्र हा विषय चेष्टेचा राहिला नाही. आई मोरीत घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, आई घरी आली, आणि डॉक्टरांनी बजावले, की आधाराशिवाय उठायचे म्हणून नाही. मग पुढच्या खोलीत तिचा पलंग, पलंगाशेजारी जमिनीवर माझी गादी, दिवसपाळी सौ.ची आणि रात्रपाळी माझी, अशी वाटणी झाली.

रात्रपाळीच्या माणसाला जागे राहायला काहीतरी लागते. वॉचमन बिडी ओढतो. मी गाणी ऐकतो. चिरंजीवांनी मोठ्या मनाने आपले हेडफोन दिले. दोन जाडजूड वाट्या, आत लोण्यासारख्या गाद्या. ते कानावर चढवले की नारायणगाव संपायचे. पुणे-नाशिक रस्त्यावरचे ट्रक बंद, पंख्याची कुरकुर बंद, कुत्री बंद. नुसता तानपुरा.

आणि आईही बंद. त्या रात्री तिने पाणी मागितले. किती वेळा मागितले, हे तिने मला आजतागायत सांगितलेले नाही. माझी मान सहज वळली तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसलेली होती. दोन्ही पाय जमिनीवर, एक हात खुर्चीच्या पाठीवर, आणि आता उठणार अशा बेतात. मी हेडफोन फेकून धावलो आणि वर तिलाच म्हणालो, “अगं, हाक मारायचीस ना!”

“मारली की,” ती म्हणाली. “तू गाण्यात व्हतास. म्हणलं, कशाला मोडायचं?”

सकाळी सौ.ने हेडफोन कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली. मी तक्रार केली नाही. बँकेत मात्र माझा चेहरा पाहून आमच्या शाखेतला एक तरुण अधिकारी चौकशी करू लागला. या मुलाला संगीताचे नव्हे, संगीत ज्यातून येते त्या यंत्रांचे वेड आहे. सगळे ऐकून तो म्हणाला, “भाऊसाहेब, चूक कानाची नाही, वाटीची आहे. तुम्ही ओपन बॅक घ्या. गाणंही ऐकू येईल आणि आईंची हाकही.”

संध्याकाळी घरी येऊन मी उत्साहाने जाहीर केले, “ओपन बॅक घ्यावं म्हणतो.”

सौ.ने पोळपाटावरून मान वर केली. “उघड्या पाठीचं? या वयात? आणि शिवणार कोण?”

खुलासा करायला पोळी करपेपर्यंत वेळ लागला. पण खुलासा करायचा तर आधी आपल्याला कळायला हवे, म्हणून मी अभ्यासाला लागलो. मी पडलो बी.कॉम.; विज्ञानाशी माझी फारकत दहावीनंतर राजीखुशीने झालेली. तरीही जे हाती लागले ते मोठे गमतीचे आहे.

दोन कानांना दोन तुकडे लावून गाणे ऐकण्याची हौस फार जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विजेच्या प्रदर्शनात क्लेमां आदेर नावाच्या गृहस्थाने ऑपेराच्या रंगमंचावरून टेलिफोनच्या तारा ओढल्या. लोक रांगेत उभे राहून दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर धरून नाटक ऐकत. म्हणजे तिकीट काढून तंबूच्या बाहेरच उभे राहायचे! नारायणगावच्या माणसाला हा व्यवहार पटणारा नाही. पण नट डावीकडून उजवीकडे गेला हे कानाला कळले, याचेच त्यांना नवल वाटले.

पुढे १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन या माणसाने स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवले आणि आरमाराला पाठवले. आरमाराने ते तपासले आणि मोठी मागणी नोंदवली. बाल्डविनने कळवले की एका वेळी दहाच होतील, कारण काम स्वयंपाकघरात चालते. ओट्यावर यंत्रे मांडूनही घरात टिकलेला हा थोर पुरुष! त्याच्या पत्नीविषयी मला अतोनात आदर आहे.

आपल्याकडे १९२७ साली मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने रेडिओ सुरू केला. त्या जमान्यातले क्रिस्टलचे सेट इतके अशक्त की हेडफोनशिवाय त्यांचा आवाज बाहेर पडत नसे. परदेशात लोक हेडफोन खोलगट भांड्यात ठेवायचे आणि भांड्याभोवती सगळे घर कान लावून बसायचे. यंत्र एकट्यासाठी बनवले, तरी माणसे भांडे शोधून काढतात.

गाणे ऐकण्यासाठी म्हणून हेडफोन घराघरांत शिरले ते १९५८ नंतर. त्या साली अमेरिकेत मिलवॉकीच्या जॉन कॉस याने रेकॉर्ड वाजवायचे एक यंत्र काढले आणि ते दाखवण्यासाठी सोबत हेडफोन ठेवले. लोकांनी यंत्राकडे ढुंकून पाहिले नाही, हेडफोनवर उड्या पडल्या. पण त्या काळी चांगला हेडफोन म्हणजे जड आणि घट्ट, हे समीकरण होते. कान जितके कोंडाल तितका आवाज चांगला, अशी समजूत.

ती समजूत मोडली १९६८ साली पश्चिम जर्मनीतल्या सेनहायझर कंपनीने. तिच्या ‘एचडी ४१४’ या हेडफोनची पाठ उघडी होती. पाठीला भोके, कानाला स्पंजाची पातळ गादी, आणि वजन जेमतेम. शहाण्यासुरत्या लोकांना वाटले असणार, की हे काय, निम्मे काम करून दुकानात आणले! पण तो विकला गेला एक कोटीच्या वर, आणि त्याच्या पिवळ्या गाद्या ही त्याची ओळख होऊन बसली.

मग १९७९ च्या जुलैत जपानमध्ये सोनीचा वॉकमन आला. त्याचे स्पंजाचे हेडफोनही असेच उघडे आणि पिसासारखे हलके. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट निराळीच आहे. सोनीचे अकिओ मोरिता यांना धास्ती वाटली, की चारचौघांत एकट्यानेच गाणे ऐकणे उद्धटपणाचे दिसेल. म्हणून पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोके ठेवली आणि एक बटणही दिले. ते दाबले की गाणे बारीक व्हायचे आणि दोघांना एकमेकांशी बोलता यायचे. लोकांना पुढे त्याची गरज वाटली नाही. आम्ही सगळे राजीखुशीने उद्धट झालो.

आता पाठ उघडी ठेवल्याने होते काय? हे मला त्या अधिकाऱ्याने तीनदा समजावले आणि तिन्ही वेळा मी ‘हो हो’ म्हणालो. शेवटी त्याने बँकेच्या भाषेत सांगितले तेव्हा डोक्यात उजेड पडला.

हेडफोनमध्ये एक पातळ पडदा असतो. तो पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे प्रत्येक जमेला तेवढ्याच रकमेची नावे नोंद. ही द्विनोंदी पद्धत इटलीच्या लुका पाचोलीने १४९४ साली छापील पुस्तकात मांडली, असे आम्हाला कॉलेजात शिकवले होते. निसर्ग ती पद्धत पाचोलीच्या आधीपासून पाळतो आहे, एवढे मात्र शिकवले नाही.

बंद हेडफोनमध्ये ही मागची नोंद वाटीत कोंडली जाते. बँकेत अशा नोंदी आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. तिथे टाकलेली रक्कम कधीच गप्प बसत नाही. ऑडिटच्या दिवशी नको त्या वेळी बाहेर येते. तसाच तो मागचा आवाज वाटीच्या भिंतींवर आपटून, किंचित उशिरा, पुढच्या आवाजात येऊन मिसळतो. मग गाण्याला एक डबा बसतो. उघड्या हेडफोनमध्ये मागची नोंद जाळीतून बाहेर जाते. हिशोब मोकळा. म्हणून त्यातला तानपुरा डोक्याच्या आत न वाजता डोक्याच्या थोडा बाहेर, खोलीत वाजल्यासारखा वाटतो.

ज्यांनी लेण्याद्री पाहिली आहे त्यांना हा फरक सांगावा लागू नये. गिरिजात्मजाचे लेणे म्हणजे एकही खांब नसलेले प्रचंड दालन, तिन्ही बाजूंना कोरलेल्या वीस खोल्या, आणि वर-खाली सगळा कातळ. तिथे आरती म्हटली तर प्रत्येक ओळ पुढच्या ओळीच्या अंगावर पडते. भव्य वाटते, पण शब्द विचाराल तर सांगता येणार नाहीत. तीच आरती घरच्या ओसरीवर म्हणा. भव्यपणा गेला, पण काकांचा सूर कुठे लागला आणि झांज कोणाची चुकली, सगळे निवडून काढता येते. बंद हेडफोन म्हणजे लेणे. उघडा हेडफोन म्हणजे ओसरी.

ओसरीत अर्थात दोष आहेतच. तिथे आतले बाहेर जाते आणि बाहेरचे आत येते. शिवाय खर्ज कमी. खर्जाच्या लाटा लांबलचक. सेकंदाला १०० कंपनांचा सूर घेतला तर हवेत त्याची एक लाट साडेतीन मीटरच्या आसपास भरते. असली लाट इवल्याशा वाटीला सहज वळसा घालते. मागची पुढच्या लाटेला भेटते, जमा आणि नावे एकमेकांना खाऊन टाकतात, शिल्लक शून्य. कान पडद्याला अगदी चिकटून असतो म्हणून ऐकणाऱ्याला खर्ज पुष्कळसा मिळतो. पण हातभर लांब बसलेल्याच्या वाट्याला नुसते वरचे बारीक सूर येतात. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. आईने मला त्यावर पुढे पकडले आहे.

पाठ मोकळी ठेवायची ही अक्कल आमच्या जुन्नर तालुक्याला तशी परकी नाही. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ साली उपग्रहाशी बोलणारे विक्रम भूकेंद्र उभे राहिले. त्याची सुमारे तीस मीटर व्यासाची भलीमोठी तबकडी बंद पाठीची होती. आणि नारायणगावच्या पूर्वेला खोडदला तर दुर्बिणींचा मेळाच आहे. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी तिथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या केल्या. १४ मध्यभागी जवळजवळ, १६ तीन बाजूंना लांबवर पसरलेल्या. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वाऱ्याने त्यांची वरात काढली असती आणि खर्चाने सरकारची. म्हणून त्या बारीक तारेच्या जाळीच्या केल्या. वारा जाळीतून निघून जातो. रेडिओलहरी मात्र कितीतरी सेंटिमीटर लांबीच्या असल्याने एकदोन सेंटिमीटरच्या भोकांतून निसटू शकत नाहीत. जाळीही त्यांना भिंतच वाटते. काय जाऊ द्यायचे आणि काय धरायचे हे नेमके ठाऊक असले की पाठ उघडी ठेवायला भीती नाही.

खोडदला कोणी हेडफोन लावून आकाश ऐकत बसत नाही. सिनेमात बसतात. रेडिओलहरी म्हणजे आवाज नव्हे. त्यांची नोंद यंत्रे करतात आणि हिशोब संगणक मांडतात. पण या विद्येचा जन्म मात्र खरखरीतूनच झाला. अमेरिकेत टेलिफोन कंपनीच्या कामाला असलेल्या कार्ल जान्स्कीला यंत्रात एकसारखी ‘स्स्स’ ऐकू येई. ती आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येते हे त्याने १९३३ साली जाहीर केले. वेला नावाच्या ताऱ्याचे स्पंद आवाजात बदलले तर सेकंदाला अकरा ठोके पडतात. ढोलकीवाल्याने हात जोडावेत!

पण खोडदहून शिकण्यासारखी खरी गोष्ट दुसरीच. ती जागा निवडली ती डोंगरांच्या आडोशामुळे आणि माणसांचा रेडिओ-गोंगाट तिथे कमी म्हणून. पाहुण्यांनाही मोबाइल बंद करायला लावतात. तीस तबकड्यांनाही शेवटी शेजारपाजाऱ्यांची शांतता लागते. उघड्या हेडफोनचे नेमके हेच आहे. त्याचा निम्मा भाग दुकानात मिळतो, उरलेला निम्मा म्हणजे आजूबाजूची खोली. ती विकत मिळत नाही.

मी साडेसात हजारांचा निम्मा भाग आणला आणि उरलेल्या निम्म्यावर कामाला लागलो. पंख्याला तेल घातले. खिडकीच्या तावदानाची थरथर कागदाची घडी घालून थांबवली. अनुभवाने आणखी काही कळले ते सांगून ठेवतो. उघडे हेडफोन लावून कुशीवर झोपू नये. उशीने पाठ झाकली की साडेसात हजारांचा डबा होतो. कानटोपीवरून तर मुळीच लावू नयेत. चष्म्याची काडी गादीखाली आली तर आधीच बेताचा असलेला खर्ज तिथल्या फटीतून पळतो. काडी जरा वर उचलावी. गाद्या दबल्या, फाटल्या की आवाज बदलतो. त्या बदलाव्यात, हेडफोन बदलू नयेत. काही हेडफोनना मोबाइलचा जोर पुरत नाही. अडीचशे-तीनशे ओहमचा हेडफोन म्हणजे टेकडीवरची पाण्याची टाकी. घरगुती मोटर चालते, आवाज करते, पाणी काही चढत नाही. त्यासाठी वेगळा अँप्लिफायर लागतो. माझा साधा, मोबाइलवर भागणारा आहे. सौ.ला ‘अँप्लिफायर’चा खुलासा करण्याइतक्या पोळ्या घरात नव्हत्या.

आणि गोंगाटात आवाज वाढवून गोंगाटाला हरवायला जाऊ नये. हरतो तो कानच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा, की ८० डेसिबलने आठवड्याला ४० तास, यापुढे ओव्हरड्राफ्ट. या खात्यातली उचल पुन्हा भरता येत नाही.

एक फायदा मात्र कुठल्याही जाहिरातीत नाही, तो जुन्नरकरांनाच कळेल. आमच्याकडे उसात बिबट्या असतो. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रसुद्धा आहे. अशा मुलुखात रात्री गल्लीतली कुत्री एकाएकी गप्प झालेली ज्याला ऐकू येत नाही, त्याने संगीताचा नाद करू नये.

तर पहिल्या रात्री मी ते लावले. आवाज बेताचा, ढोलकीच्या फडातली एक जुनी लावणी. पंख्याचा वारा ऐकू येत होता, आईचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या दोन्हींच्या मधोमध गाणे चालू होते. काही वेळाने आईचा आवाज आला. नेहमीच्या आवाजातला, एकदाच.

“पेटी येतीय रं. बाईचा आवाज पण येतोय, बारीक. पर ढोलकी नुसती टिकटिक करतीय. घुमत न्हाई.”

मी उठून बसलो. पडद्याच्या मागची नावे नोंद जाळीतून निघून थेट तिच्या पलंगावर जमा झाली होती, आणि त्यात खर्ज नव्हता. जे मला तीनदा समजावून कळले नाही, ते तिने आडव्या आडव्या सांगितले.

“तुझ्या झोपेचं खोबरं झालं,” मी म्हणालो.

“झोप कुठली?” ती म्हणाली. “आमच्या आंबेगावात जत्रंला तमाशा यायचा, तवा आम्हा पोरींना कुठं जाऊ देत व्हते? घरात पडून ऐकायचं. लांबनं नुसती ढोलकी यायची, घुम घुम. शब्द एक कळायचा न्हाई. आज शब्द येत्यात, तर ढोलकी न्हाई.”

तिचे आंबेगाव आता नाही. तालुका आंबेगाव, त्याचा कारभार घोडेगावातून चालतो, आणि मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. ज्या घरात पडून तिने ती ढोलकी ऐकली ते घर पाण्यात आणि तो तमाशाचा तळही पाण्यात. लांबून येणाऱ्या आवाजातले बारीक सूर हवेत वाटेतच विरतात, खर्ज तेवढा पोचतो, हे शास्त्र मी तिला सांगणार होतो. सांगितले नाही. हेडफोन काढून तिच्या कानांवर बसवले. चष्म्याची काडी वर उचलली.

ती बराच वेळ काही बोलली नाही. पांघरुणावरची तिची बोटे मात्र हलू लागली, आधी चाचपडत, मग ठेक्यात. उघड्या हेडफोनचा माणूस ओरडून बोलत नाही, कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. त्यामुळे सौ.ची झोप न मोडता ती हळूच म्हणाली, “दोन्ही आलं.”

तेव्हापासून आमची वाटणी ठरली आहे. आता ती काठी घेऊन चालते, पण माझी गादी अजून तिथेच आहे. रात्री हेडफोन तिच्या कानांवर असतात, आणि मी खाली पडून जाळीतून गळणारी पेटी ऐकतो. मुद्दल तिच्या खात्यात, व्याज माझ्या. हाक मारली की ऐकू जाते, दोघांनाही.

सौ.ने कपाटाची किल्ली मात्र अजून कमरेची काढलेली नाही. परवा मला म्हणाली, “अहो, गॅस संपलाय.” मी पहिल्याच वेळी उठलो. तिने चमकून माझ्या कानांकडे पाहिले. कानांवर काहीच नव्हते.